'साभार परत' आल्यावर कथेचं काय करायचं? कामाचं तेवढंच लिहा

निंबाखालचा

राजेहो, मृग लागायला आठ-दहा दिवस उरले आणि दिवाळी अंकांची आवाहनंही फिरायला लागली. दर वर्षी या सुमारास इथं तोच प्रश्न येतो: कथा तीन ठिकाणांहून परत आली, आता लिहिणं सोडावं काय? खाली पन्नास प्रतिसाद, 'खचू नका भाऊ', 'लिहीत राहा ताई'. मन चांगलं असतं त्यामागं, पण दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर नेमकं काय करायचं ते त्यातून समजत नाही. म्हणून हा धागा वेगळा ठेवू. धीर देऊ नका, काम सांगा. आणि स्वतःची संघर्षगाथा नको, तिच्यासाठी दुसरे धागे पडले आहेत.

सुरुवात मी करतो. आपण सगळ्या नकारांची एकच मोळी बांधतो आणि डोक्यावर घेऊन फिरतो. ती आधी सोडा.

उत्तरच न येणं हा सगळ्यात जास्त होणारा प्रकार, आणि त्यावरून कथेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. फाइल उघडली नसेल, मेल जाहिरातींच्या ढिगात गेला असेल, त्याच विषयाची दुसरी कथा आधीच घेतलेली असेल. 'आपले साहित्य साभार परत' ही ठरावीक ओळ आली, तर कोणीतरी कथा पाहिली आहे, पण बहुतेक वेळा पहिलं पानच. दोष हुडकायचा तर तिथं हुडका, शेवट बदलत बसू नका. संपादकानं स्वतः दोन ओळी लिहिल्या असतील, 'मधे लांबली' किंवा 'शेवट पटला नाही', तर ती फुकटची शिकवणी समजा. त्या ओळी जशाच्या तशा उतरवून ठेवा. 'कमी करून पाठवा' हा तर होकारच आहे. त्यावर रुसून बसू नका. दहा दिवसांत कमी करून पाठवा, कारण त्या अंकात तुमच्यासाठी धरलेली पानं कोणी राखून ठेवत नाही.

आता नोंदवही. साधी 200 पानी घ्या, आडवी धरा आणि सात रकाने आखा. कथेचं नाव आणि मसुदा क्रमांक, शब्दसंख्या, कुठं पाठवली, कोणत्या तारखेला, मेलनं की टपालानं, उत्तर (तारीख आणि त्यांचेच शब्द), पुढचं ठिकाण. सातवा रकाना पाठवायच्या दिवशीच भरायचा. परत आल्यावर मन ठिकाणावर नसतं, त्या दिवशी निर्णय घ्यायची पाळी येऊ नये म्हणून. वहीत पुढचं नाव लिहिलेलं असलं की फक्त पाठवायचं उरतं.

वाट किती पाहायची? मासिक-त्रैमासिकाला 90 दिवस. 45व्या दिवशी एक स्मरणपत्र, दोन ओळींचं, तक्रार न करता. 90 झाले की 'कथा मागे घेत आहे' असा मेल टाका आणि मगच दुसरीकडे पाठवा. एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवणं आपल्याकडे चालत नाही. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

खाडाखोड

चांगला धागा. मुद्रितशोधनाच्या बाजूनं सांगतो, कारण बऱ्याच कथा वाचायच्या आधीच बाद होतात.

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेता ना, तिथंच घोटाळा होतो. तो जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकावर-मोबाइलवर सारखीच उघडणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतो. त्याच्या संगणकावर झकास दिसतं, संपादकाकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडते. टाइप करायला देतानाच सांगा, 'युनिकोडमध्ये पाहिजे'. आधीच जुन्या फॉन्टमध्ये करून झालं असेल तर परिवर्तकातून काढता येतं, पण त्यानंतर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार जागा सोडतात. 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' यांतला अर्धा ऱ हमखास मोडतो.

तपासायची सोपी रीत: फाइल स्वतःला मेल करा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. तिथं नीट दिसली तर सगळीकडे दिसेल. वर्डची फाइल पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर धाडू नका, त्यातून कोणी टाइप करून घेत नाही.

फाइलचं नाव 'कथा' ठेवू नका. संपादकाकडे त्या नावाच्या चाळीस फायली असतात. कथेचं नाव, तुमचं आडनाव, शब्दसंख्या, एवढं फाइलच्या नावात यावं.

हातानं लिहिलेलं चालतं काय? काही ठिकाणी अजून चालतं. फुलस्केपच्या एकाच बाजूला, डावीकडे दीड इंच समास, एक ओळ सोडून. झेरॉक्स आपल्याकडे ठेवा. परत हवं असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत घाला. आणि टपाल खिडकीवर वेगळं रजिस्टर मागू नका, 2025 पासून ते स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. पावती नोंदवहीच्या त्याच पानाला टाचणी लावून ठेवा.

कोरीवही

खाडाखोडभाऊ, शुद्धलेखनावरून कथा परत करतात काय? आमच्याकडे मास्तरच नाही सांगणारा.

खाडाखोड

एकट्या त्यावरून नाही करत. पण पहिल्या पानावर दहा चुका दिसल्या की वाचणारा पुढच्या पानाकडे वेगळ्या डोळ्यानं पाहतो. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. साहित्य महामंडळाचे मूळ 14 नियम 1962 चे आहेत, 4 नंतर जोडले गेले, आणि त्यांतले तीनच रोज लागतात.

शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: मी, तू, पाणी, वाळू. अपवाद थोडे, त्यांत रोजचे दोन म्हणजे 'आणि' आणि 'नि'. 'आणी' लिहिलेलं दर चार कथांत एका कथेत दिसतं. दुसरा नियम: मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ. गरीब, वकील, फूल, जमीन. तिसरा त्यालाच जोडून: तोच शब्द विभक्ती लागून वाकला की तो ऱ्हस्व होतो. गरीब पण गरिबाला, जमीन पण जमिनीत, फूल पण फुलाचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद: गुण, विष, मधुर.

मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर स्वल्पविराम, पूर्णविराम बहुतेक गळतात आणि न-ण, श-ष यांची अदलाबदल होते. बोलून काढलेला मसुदा चालेल, पण तो मसुदा क्रमांक शून्य धरा.

डवरा

वेळेचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. दिवाळी अंकांचं साहित्य बहुतेक जून-जुलैत मागवतात, ऑगस्टमध्ये निवड उरकत आणतात, कारण सप्टेंबरात मांडणी आणि छपाई लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याचं काही नाही. आपल्याकडे जून म्हणजे पेरणी, जुलै-ऑगस्ट डवरणी-निंदण-फवारणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन, मग कापसाची वेचणी चालली ती संक्रांतीपुढे. म्हणजे मागणी येते तेव्हा आपला हात रिकामा नसतो. घाईघाईत रात्री बारापर्यंत बसून कथा लिहायची, ती परत येणार, आणि आपण म्हणणार आपल्यात दम नाही. दम आहे, महिना चुकला.

पहिला मसुदा चैत्र-वैशाखात लिहा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार तसंही कोणी वावरात जात नाही. रोज 250 शब्द धरले, म्हणजे हातानं लिहिलेलं फुलस्केपचं एक पान, तर 40 दिवसांत 10,000 शब्द होतात. तेवढ्यात तीन कथा निघतात. मृगाच्या आधी मसुदा बंद करून पेटीत टाका. पेरणीचे पंधरा दिवस तो आपोआप मुरतो. एरवी लोक 'मसुदा बाजूला ठेवा' म्हणतात आणि ठेववत नाही, इथं शेतीच ठेवायला लावते. उघाड पडली की दुरुस्ती, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवणी.

हिवाळ्यात हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाइन (वीज) असली की पाण्याच्या मोटारीपाशी बसून नवं लिहायच्या भानगडीत पडू नका, झोप अर्धवट असते. तेव्हा फक्त टिपणं: कोणाचं एखादं बोलणं, एखादा वास, एखादं नाव. खिशात मावेल अशी डायरी आणि शिसपेन्सिल. थंडीत पेन अडते, दव पडलं की शाई पसरते.

टिनाच्या छपराखाली मोबाइलवर टाइप करणाऱ्यांना एक सूचना. मे महिन्यात मोबाइल तापून बंद पडतो आणि न साठवलेलं जाऊ शकतं. दर पानाला साठवा, रोज रात्री स्वतःला मेल करा.

ओसरी

डवरादादा, पेटीत टाकलेला मसुदा बाहेर काढल्यावर काय करायचं ते मी सांगते. खरी कुतरओढ तिथंच असते. पंधरा दिवसांनी आपलंच लिहिलेलं परकं आणि भिकार वाटतं, आणि तसंच वाटायला पाहिजे. तसं वाटलं म्हणजे दोष दिसायला लागले.

पहिलं वाचन मोठ्यानं, एकटीनं, हातात पेन्सिल नको. जिथं जीभ अडखळली तिथं फक्त बोटानं खूण. दुसऱ्या वाचनात पेन्सिल, आणि फक्त कापायचं. नवीन काही घालायचं नाही. 3,000 शब्दांच्या कथेतून 300 निघालेच पाहिजेत, निघतात. पहिल्यांदा 'खरोखर', 'अक्षरशः', 'जणू काही' जातात, मग पात्र रडतं हे दाखवून झाल्यावर 'तिला फार दुःख झालं' हे वाक्य जातं, मग शेवटचा उपदेशाचा परिच्छेद. तो परिच्छेद जवळपास प्रत्येक नव्या कथेत असतो आणि जवळपास प्रत्येक वेळी तो काढला की कथा सुधारते.

आता पहिल्या पानाचं. नमुना म्हणून बनवलेला परिच्छेद देते:

'विदर्भातील एका खेडेगावात रामराव नावाचा गरीब शेतकरी राहत होता. दिवसभर काबाडकष्ट करूनही त्याच्या पदरी निराशाच येई. निसर्गाच्या लहरीपणापुढे तो हतबल झाला होता. आभाळाकडे डोळे लावून तो पावसाची वाट पाहत असे.'

यात एकही चूक नाही, आणि एकही गोष्ट दिसत नाही. गरीब, हतबल, निराशा हे तिन्ही शब्द लेखकाचे निकाल आहेत. असा शेतकरी संपादकाच्या टेबलावर त्या दिवशी आलेल्या आणखी सहा कथांत आहे. आता तोच रामराव:

'बियाण्याच्या दोन बॅगा खाटेखाली होत्या. रामराव रोज सकाळी त्या बाहेर काढी, धुडक्यानं पुशी आणि पुन्हा आत सरकवी. आठव्या दिवशी बायको म्हणाली, "पान्याले दाखवता काय त्या बॅगा?" रामराव आभायाकडे न पाहताच म्हणाला, "पाणी येतेच आता. मले नको सांगू."'

शब्द थोडेच जास्त. पण इथं बॅगा आहेत, खाट आहे, आठ दिवस आहेत, आणि नवरा-बायकोत काय चाललंय ते कळतं. गरिबी सांगावी लागली नाही.

अजून एक. वाचायला देताना 'कशी वाटली?' असं विचारू नका. आपली माणसं 'छान आहे' म्हणतात आणि चहा पितात. पेन्सिल द्या आणि समासात तीनच अक्षरं लिहायला सांगा: 'न' म्हणजे समजलं नाही, 'कं' म्हणजे कंटाळा आला, 'ख' म्हणजे खोटं वाटलं. तीन वाचक बास. एकाच ओळीवर तिघांपैकी दोघांची खूण आली तर वाद न घालता ती ओळ दुरुस्त करा. एकाचीच आली तर तुमच्या मर्जीवर. तिघांत एक तरी असा असावा जो कथेतला धंदा करतो. जिनिंगची कथा असेल तर जिनिंगवर काम करणारा. 'ख' तोच बरोबर टाकतो.

निंबाखालचा

ताई, एक नंबर. 'न-कं-ख' वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

वरपाणी

माझं थोडं उलट मत. प्रत्येक नकारानंतर कथा दुरुस्त करायची ही सवय घातक आहे. एकानं म्हटलं लहान करा, दुसऱ्यानं म्हटलं पात्र उलगडत नाही, तिसऱ्यानं उत्तर दिलं नाही. तिघांचं ऐकलं की कथेची गोधडी होते. पहिला मसुदाच बरा होता असं सहाव्या वेळी समजतं, आणि तोवर तो पुसलेला असतो.

त्यामुळे प्रत्येक मसुदा वेगळ्या फाइलमध्ये, नावात क्रमांक घालून ठेवा, वरच्यावर पुसू नका. आणि तीन ठिकाणांहून परत येईपर्यंत कथेला हात लावू नका. तीननंतर नोंदवहीतला उत्तराचा रकाना सलग वाचा. एकच तक्रार दोनदा दिसली तर ती खरी.

ओसरी

तीनचा आकडा मान्य, पण एका सवलतीनं. परत आलेल्या कथेत शुद्धलेखनाची किंवा माहितीची चूक सापडली तर ती लगेच सुधारायची. मृगात कापूस फुटल्याचं लिहिलं असेल तर तीन नकारांची वाट पाहू नये.

वरपाणी

हाव, ते खरं.

फर्मा

संपादकाच्या बाजूचं गणित समजलं तर अर्धी शंका आपोआप जाते. अंकाची पानं फर्म्यात मोजतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात. अष्टमांश डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा म्हणजे 16 पानं. 112 पानांचं पुस्तक सात फर्म्यांचं, आणि मजकूर 115 पानांवर गेला की तीन पानांसाठी आठव्या फर्म्याची सोय पाहावी लागते. दिवाळी अंकात शेवटच्या आठवड्यात जाहिरात आली की तेवढी पानं कुठून तरी कापायची असतात. पहिली कात्री अनोळखी नावाच्या लांब कथेवर चालते. यात तुमच्या प्रतिभेचा प्रश्न येत नाही, पानांचा येतो.

म्हणून पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन अंक वाचा. विकत घ्यायची गरज नाही, गावच्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात दिवाळी अंक येतात आणि वर्षभर पडून असतात. कथा मोजा: एका ओळीतले शब्द, गुणिले ओळी, गुणिले पानं. त्या अंकात कथा सरासरी 2,800 शब्दांच्या निघाल्या आणि तुमची 6,000 ची, तर पाठवूच नका. निवेदक, काळ, विषय यांचीही नोंद घ्या. सुरुवातीच्या पानावर संपादकाचं नाव, पत्ता, मेल असतं, ते उतरवून आणा. 'मा. संपादक महोदय' पेक्षा नावानं लिहिलेलं पत्र बरं. पत्रात पाच ओळी पुरतात: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित आणि स्वतंत्र असल्याचं, तुमचा पत्ता, फोन. कथेचा सारांश आणि तिचं मर्म नको. 'नवोदित आहे, सांभाळून घ्यावे' हे तर मुळीच नको.

अप्रकाशित या शब्दावर पुष्कळ लोक फसतात. कथा फेसबुकवर टाकली, शंभर लाइक आले, मग अंकाला पाठवली. बरेच संपादक ती पूर्वप्रसिद्ध धरतात. आधी अंक, मग फेसबुक.

आणि मन खचलेलं असतं तेव्हा गळाला लागू नका. 'प्रातिनिधिक संग्रहात आपली निवड झाली आहे, सहभाग शुल्क अमुक, पाच प्रती घेणे बंधनकारक', ही निवड नसते, विक्री असते. सन्मानपत्र, पुरस्कार, ट्रॉफी यांना प्रवेश फी मागतात तेही तसंच. स्वखर्चानं पुस्तक काढायला हरकत नाही, पण तो खर्च आहे हे माहीत असून काढा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून. त्याचे कोणी पैसे मागत असेल तर तो आपल्या कष्टाचे मागतोय, क्रमांकाचे नाही.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. त्यासाठी मंडळ अर्ज मागवतं, तारीख निघून गेली की पुढच्या फेरीची वाट. हस्तलिखित आधीच तयार असावं.

कोरीवही

करारात काय पाहायचं? लेखन एकदा दिलं की कायमचं गेलं, असं म्हणतात.

फर्मा

नाही जात. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. लिहिलं की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीत व नंतर 60 वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशीच, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो हक्क तुमच्याकडे परत येतो. त्यामुळे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीवर सही करण्याआधी ती खोडून मुदत घालायला सांगा. अंकाला दिलेल्या कथेसाठी 'एकदा प्रसिद्ध करण्यापुरते' एवढंच लिहा.

वडसा_लाइन

इथं सगळे कथा आणि दिवाळी अंकच धरून बसले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या लोकांनी झाडीपट्टी रंगभूमी विसरू नये. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. संवाद लिहिता येणाऱ्याला इथं दार आहे. पण कथेची नाट्यरूपं करून नेऊ नका. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, मधे गाणी आणि विनोदी पात्र लागतं, मागच्या रांगेत पोरं-बाया बसलेल्या असतात. पहिल्या पंधरा मिनिटांत भांडण काय आहे ते कळलं नाही तर मांडवातला गलबला वाढतो. छापील 'साभार परत' पेक्षा हे उत्तर लवकर मिळतं. हंगाम तोंडावर आल्यावर संहिता घेऊन जाण्यात अर्थ नाही, तालमी लागायच्या आत, पावसाळ्यात भेटा.

आकाशवाणीचंही दार आहे. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, केंद्रं जवळ आहेत. दहा मिनिटांच्या वाचनाला 1,000 ते 1,100 शब्द पुरतात. कानासाठी लिहिताना वाक्य बारा-पंधरा शब्दांपुढे नेऊ नका, कंसात काही टाकू नका, आणि एका परिच्छेदात तीन नवी नावं आणू नका.

निंबाखालचा

बोलीचं कोणीतरी लिहा. 'वऱ्हाडी आहे म्हणून परत आली' हा समज फार पसरलाय.

खाडाखोड

समज अर्धा खरा. बोलीमुळे क्वचितच परत येते, बोली एकसारखी नसल्यामुळे येते. एकाच माणसाच्या तोंडी पहिल्या पानावर 'मले', तिसऱ्यावर 'मला', पाचव्यावर 'मपल्याले' आलं की वाचणाऱ्याला ही बोली आहे की टायपाची चूक हे कळत नाही.

कथा सुरू करण्याआधी बोलीचा तक्ता करा. वीस शब्द पुरतात. मला-मले, कशाला-काहून, पाणी-पानी, डोळा-डोया, काळा-काया, हो-हाव, माझा-माहा, पाहिलं-पायलं. अकोल्याचं आणि यवतमाळचं बोलणं सारखं नसतं, तुमच्या गावाचं धरा. झाडीकडे तर ण आणि ळ बोलण्यात नसतातच, तिथला तक्ता वेगळा निघेल. मग जे ठरवलं ते शेवटपर्यंत पाळा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, तेही पहिल्या ओळीपासून ठरलेलं पाहिजे.

काही शब्दांना जपा. 'पाय बरं' म्हणजे 'पाहा बरं', पण बाहेरच्या वाचकाला पाऊल आठवतं. 'काया' लिहिलं की शरीर. तिथं आजूबाजूच्या शब्दांनी अर्थ सावरा: 'काया कुत्रा' चालतं, नुसतं 'तो काया' गोंधळ करतं. कथेच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका, ती वाचत कोणी नाही आणि कथा पाठ्यपुस्तकासारखी दिसते.

पत्रात एक ओळ घाला: 'संवादातील बोली हेतुतः आहे, प्रमाण करू नये.' नाहीतर मुद्रितशोधक अर्धे शब्द सुधारतो, अर्धे सुटतात, आणि छापून आलेली कथा वाचून तुम्ही त्याच्या नावानं खडे फोडता. मोबाइलचा कीबोर्डही तेच करतो. तो 'पानी' चं 'पाणी' परस्पर करतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही. टाइप करताना आपोआप दुरुस्ती बंद ठेवा.

वरपाणी

विषयाबद्दल एक. विदर्भातून कथा आली म्हणजे त्यात फास आणि फवारणीचा डबा असणार, असं बाहेर गृहीत धरतात, आणि आपणही तेच पुरवतो. मग 'या विषयावरच्या कथा आमच्याकडे आहेत' म्हणून परत येते. तो विषय वर्ज्य नाही, पण दुसरंही पुष्कळ पडलंय: कापसाच्या गाडीच्या रांगेतली रात्र, संत्र्याच्या बागेचा सौदा, शाळेतली खिचडी, तेंदूपत्त्याचा फड, बचतगटातलं राजकारण, एसटी न येणारा फाटा. ज्या कामाच्या पायऱ्या तुम्हाला न विचारता सांगता येतात तिथून कथा काढा. वाचकाला तेवढं कोणी दुसरं सांगू शकत नाही.

कोरीवही

शेवटचं विचारतो. मधेच लिहिणं थांबतं त्याचं काय? सुरुवात होते, पाच-सात पानांवर वाटते, हे कोण वाचणार.

ओसरी

भाऊ, ते बहुतेकांचं तिथंच थांबतं, कथेचा साधारण एक-तृतीयांश भाग झाला की. कारण साधं आहे: सुचलेलं संपतं आणि रचायचं सुरू होतं. त्या दिवशी वाक्य पूर्ण करून उठू नका. वाक्य अर्धवट सोडा आणि खाली कंसात लिहा, पुढं कोण येतं आणि काय मागतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी बसावं लागत नाही.

मागचं वाचत बसू नका. फक्त शेवटचं पान वाचून पुढं. मागं काही बदलायचं सुचलं तर समासात फुली आणि दोन शब्द, बदल मसुदा संपल्यावर. मधेच पात्राचं नाव बदललं तरी मागं जाऊन बदलू नका. आणि 'हे कोण वाचणार' हा प्रश्न तिसऱ्या मसुद्याचा आहे, पहिल्यात त्याचं उत्तर देता येत नाही. तिन्ही वाचक ठरलेले असले तर उत्तर तयार असतं: ते तिघं.

निंबाखालचा

मी वरचं सगळं एका पानावर उतरवून पहिल्या प्रतिसादाखाली टाकतो. नोंदवहीचे रकाने आखलेलं पानही फोटो काढून टाकतो, झेरॉक्स मारून घ्या.

खाडाखोड

टाकण्याआधी एक. ओसरीताईंचा रामरावाचा दुसरा परिच्छेद पुन्हा पाहा. बायको म्हणते 'पान्याले', आणि पुढच्याच ओळीत रामराव म्हणतो 'पाणी येतेच आता'. एकाच घरात पानी आणि पाणी? शिवाय निवेदन प्रमाण मराठीत आहे, त्यात 'आभायाकडे' घुसलंय.

ओसरी

पहिलं कीबोर्डचं काम, दुसरं माझं. 'पानी येतेच आता' आणि 'आभाळाकडे' असं वाचा. निंबाखालचेभाऊ, उतरवताना दुरुस्त करून घ्या, मसुदा 2 म्हणून टाका.